पदच्युत राजाचा पश्चात्ताप

राजे पदच्युत होणे ही इतिहासातील काही अपूर्व गोष्ट नव्हे. साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज १८३९ साली गादीवरून दूर केले गेले व त्यांना काशीस राहावे लागले. बडोद्याचे मल्हारराव गायकवाड १८७५ साली पदच्युत होऊन मद्रासेस गेले. इंदूर, ग्वाल्हेर व बडोदे येथील आपल्या मंडळ्या तर राजधान्यांच्या शहरांतच वाढल्या. तेथील वडीलधाऱ्यांनी संस्थाने विलीन होताना पाहिली आणि १९७१ साली तनखे बंद झाल्याचेही पाहिले. सिंहासन गेल्यावर राजाच्या वाड्याचे काय झाले, जडजवाहिराचे काय झाले, हे लोक आवडीने सांगतात. परंतु त्या माणसाच्या अंतःकरणाचे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

इटालियन दिग्दर्शक बर्नार्डो बेर्तोलुची यांनी १९८७ साली काढलेला ‘द लास्ट एम्परर’ हा चित्रपट नेमका हाच प्रश्न विचारतो, म्हणून त्याविषयी येथे लिहावेसे वाटते. चीनचा शेवटचा बादशहा पू-यी याचे हे चरित्र. १९८८ साली या चित्रपटास नऊ ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि बीजिंगच्या प्राचीन राजवाड्यात, म्हणजे ‘निषिद्ध नगरी’त, त्याचे चित्रण झाले, म्हणून त्याचा बोलबाला झाला. प्रेक्षकांच्या लक्षात राहतात ते पिवळे रेशमी पडदे आणि हजारो सेवकांचे दंडवत. पण चित्रपटाची सुरुवात राजवाड्यात होत नाही. ती होते १९५० साली, कैद्यांच्या गाडीतून उतरणाऱ्या एका चाळिशी उलटलेल्या माणसापासून. आणि पुढची कथा पुन्हा पुन्हा तुरुंगातील चौकशीच्या खोलीकडे परत येते. आम्हांस महत्त्वाची वाटते ती ही खोली. कारण तेथे प्रश्न उभा राहतो तो असा की, पहारेकऱ्यांच्या देखत व शिक्षेच्या भीतीखाली झालेला पश्चात्ताप खरा असू शकतो काय?

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. पू-यीचा जन्म १९०६ सालचा. १९०८ च्या डिसेंबरात, वयाची तीन वर्षेही पुरी झाली नसता, त्याला सिंहासनावर बसविले गेले. १९१२ च्या फेब्रुवारीत राजेशाही संपली. नव्या प्रजासत्ताकाने त्याला पदवी ठेवू दिली, राजवाड्यात राहू दिले आणि वर्षाला चाळीस लाख तोळे-मापी चांदीच्या तनख्याचे वचन दिले, जे पुढे पुरते पाळले गेले नाही. अशा रीतीने राज्य नसलेला हा राजा भिंतींच्या आत वाढला. १९१७ साली एका सेनापतीने त्याला पुन्हा गादीवर बसविले. ते राज्य बारा दिवस टिकले. १९२४ साली त्याला राजवाड्यातून बाहेर काढण्यात आले. मग तो त्येन्त्सिन शहरात जपान्यांच्या आश्रयाने राहिला. १९३१ साली जपानने मांचुरिया गिळला, आणि पू-यी तिकडे गेला. १९३२ साली तो ‘मांचुकुओ’ या नव्या राज्याचा प्रमुख झाला व १९३४ साली त्याचा बादशहा. नाव त्याचे, सत्ता जपानी सेनेची. त्या राज्यात अफूचा सरकारी व्यापार चालला, शेतकऱ्यांना वेठीस धरले गेले, हार्बिनजवळ जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग झाले. १९४५ साली रशियन फौजेने पू-यीला पकडले. पाच वर्षांनी त्याला चीनच्या कम्युनिस्ट सरकारच्या हवाली केले गेले, आणि १९५९ च्या डिसेंबरात क्षमापत्र मिळेपर्यंत तो युद्धगुन्हेगारांच्या तुरुंगात होता. सुटल्यावर तो बीजिंगच्या वनस्पती-उद्यानात काम करू लागला. १९६२ साली त्याने एका परिचारिकेशी विवाह केला. १९६४ साली त्याचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले, आणि १९६७ साली तो कर्करोगाने वारला.

चित्रपटातील एक प्रसंग आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बालराजाचा धाकटा भाऊ त्याला विचारतो की, तू खरोखर बादशहा आहेस काय? ते सिद्ध करण्यासाठी पू-यी एका सेवकास दौतीतील शाई पिण्यास सांगतो, आणि तो सेवक पितो. मूल क्रूर जन्मत नाही असे आपण म्हणतो. पवित्र शास्त्र मात्र मानवी स्वभावाविषयी अधिक सावधपणे बोलते. ज्या मुलाला कोणीच ‘नाही’ म्हणत नाही, त्याच्यातील पापबुद्धीला कुंपण राहत नाही, एवढे तरी या प्रसंगावरून दिसते. या पोराला स्वतःच्या बुटाची नाडी कधी बांधावी लागली नाही. तुरुंगातही प्रथम त्याचे पुतणे व जुने सेवकच त्याची अंथरुणे घालीत होते. अधिकाऱ्यांनी त्याला वेगळे केले तेव्हा कोठे तो अंथरूण घालावयास शिकला.

जे चित्रपटात दाखविलेले नाही, पण पू-यीने आपल्या आत्मवृत्तात स्वतः लिहून ठेवले आहे, ते अधिक भयंकर आहे. मांचुकुओच्या राजवाड्यात चाकरीसाठी अनाथ मुले आणली होती. त्यांना अपुरे अन्न मिळे आणि बारीकसारीक कारणावरून फटके बसत. त्यांतील एक मुलगा पळून जाऊ पाहत होता. तो सापडला, आणि मारहाणीने मेला. तेव्हा पू-यीला भीती वाटली ती त्या मुलाचा आत्मा सूड घेईल अशी, म्हणून त्याने त्याच्यासाठी मंत्र म्हटले. जपान्यांनी त्याला बाहुले केले होते हे खरे. पण ते पोर मेले ते जपान्यांच्या हुकमाने नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. याला दोन सोपी उत्तरे दिली जातात.

एक उत्तर असे की, दडपणाखालील पश्चात्ताप हा पश्चात्तापच नव्हे. मनुष्य मोकळा असेल, त्याच्यापुढे भीती नसेल, लाभ नसेल, तेव्हाच तो मनापासून बोलतो. हे उत्तर ऐकावयास चांगले वाटते. पण मग उधळ्या पुत्राचे काय करावयाचे? तो घरी परतण्याचा विचार करू लागला तो पोटात भूक पेटल्यावर, डुकरांच्या शेंगाही मिळेनाशा झाल्यावर. आणि मनश्शे राजाचे काय करावयाचे? दुसरे इतिहास याच्या ३३ व्या अध्यायात त्याची कथा आहे. वयाच्या बाराव्या वर्षी तो गादीवर बसला व पंचावन्न वर्षे त्याने राज्य केले. त्याने मंदिरात मूर्ती आणल्या, आपली मुले अग्नीतून चालविली. मग अश्शूरच्या सरदारांनी त्याला आकड्यांनी धरून, बेड्या घालून बाबेलास नेले. तेथे संकटात पडल्यावर तो देवापुढे अत्यंत नम्र झाला, आणि देवाने त्याची विनवणी ऐकली. बेडीतल्या माणसाची प्रार्थना देव ऐकत नाही, असे म्हणण्यास शास्त्राचा आधार नाही. आपल्यापैकी किती जण आजारपण, कर्ज किंवा अपमान यांच्या धक्क्यावाचून गुडघ्यांवर आले?

दुसरे सोपे उत्तर असे की, दडपणाने का होईना, मनुष्य सुधारला म्हणजे झाले. कम्युनिस्ट सरकारचा दावा हाच होता. माणसाला कोंडावे, शिकवावे, त्याच्याकडून पुन्हा पुन्हा कबुलीजबाब लिहून घ्यावा, म्हणजे नवा मनुष्य घडतो. पू-यी हा त्या दाव्याचा नामांकित नमुना म्हणून जगापुढे ठेवला गेला. पण त्याच देशात, त्याच वर्षांत, दुसराही एक कबुलीजबाब लिहून घेतला गेला, तो आम्ही ख्रिस्ती लोकांनी विसरता कामा नये. बीजिंगचे प्रसिद्ध पाळक वांग मिंगताव यांना १९५५ साली अटक झाली. सरकारच्या ताब्यातील मंडळीच्या चळवळीत सामील होण्यास त्यांनी नकार दिला होता. तुरुंगात ते भयभीत झाले, आपण अपराधी आहोत अशा कबुलीवर त्यांनी सही केली, आणि १९५६ साली ते सुटले. पण बाहेर आल्यावर त्यांना शांती मिळेना. ज्या गोष्टी पाप नव्हत्या, त्या आपण पाप म्हणून कबूल केल्या, म्हणजे प्रभूला नाकारले, या विचाराने ते व्याकूळ झाले. पुढे त्यांनी ती कबुली मागे घेतली. त्यांना पुन्हा धरले गेले आणि १९६३ साली जन्मठेप झाली. ते १९८० साली सुटले, तेव्हा ऐंशी वर्षांच्या घरात होते. या माणसाच्या बाबतीत कबुली हेच पाप होते, आणि ती मागे घेणे हाच पश्चात्ताप होता.

तेव्हा दडपण होते किंवा नव्हते, एवढ्यावरून निर्णय होत नाही. दडपण माणसाचे टेकू काढून घेते. टेकू गेल्यावर तो देवाकडे वळेल, खोटे बोलेल, की नुसता कोसळेल, हे दडपण ठरवीत नाही. निर्गमात फारो राजाही गारांच्या वर्षावात, मी पाप केले, असे म्हणाला होता. गारा थांबल्या आणि त्याचे मन पुन्हा कठीण झाले. फारो आणि मनश्शे दोघेही राजे, दोघांवरही संकट आले, दोघेही नमले. फरक मागाहून दिसला.

आमच्या मते खऱ्या पश्चात्तापाच्या तीन खुणा आहेत, आणि पू-यीच्या कथेवरून त्या समजावून घेता येतात.

पहिली खूण ही की, पश्चात्ताप करणारा जेवढे आपले आहे तेवढे पत्करतो; कमी नाही आणि जास्तही नाही. १९४६ साली टोकियोच्या युद्धगुन्हेगारांच्या खटल्यात पू-यीने साक्ष दिली. जे घडले ते सारे जपान्यांच्या जबरदस्तीने, आपण केवळ बळी, असा त्याचा सूर होता. पुढे आत्मवृत्तात त्याने मान्य केले की, आपल्याला शिक्षा होऊ नये म्हणून त्या साक्षीत आपण सत्य लपविले, आणि त्याची आपल्याला लाज वाटते. हे झाले कमी पत्करणे. चित्रपटात याच्या उलट टोक दाखविले आहे. तुरुंगात जपानी अत्याचारांची चित्रफीत पाहून तो इतका खचतो की, समोर येईल त्या आरोपावर सही करून टाकतो, ज्या गोष्टी त्याला ठाऊकही नव्हत्या त्यांवरसुद्धा. तेव्हा तुरुंगाचा अधिकारी त्याच्यावर संतापतो. तू जे केलेस त्याचाच तू जबाबदार आहेस, असे त्याचे म्हणणे. सर्व काही माझेच पाप, असे ओरडणे हीसुद्धा एक पळवाट असते. कारण ‘सर्व काही’ म्हटले की नेमके काय, ते सांगावे लागत नाही. आपल्या प्रार्थनासभांत ‘आम्ही महापापी आहोत’ असे सहज म्हटले जाते; ‘मी अमक्याचे पैसे बुडविले’ असे फार क्वचित ऐकू येते.

दुसरी खूण ही की, पश्चात्ताप ज्याचा अपराध केला त्याच्यापर्यंत पोहोचतो. पू-यीने आपल्या पेटीच्या चोरकप्प्यात साडेचारशेहून अधिक जडजवाहिरांचे नग लपविले होते. पुष्कळ दिवसांच्या घालमेलीनंतर त्याने ते स्वतः अधिकाऱ्यापुढे ठेवले. तेव्हा त्याला कळले की, त्याच्या पुतण्याने ही गोष्ट आधीच कळविली होती. पण अधिकाऱ्याने झडती घेतली नाही, तो वाट पाहत राहिला. ठाऊक असूनही वाट पाहणे, ही गोष्ट बायबल वाचणाऱ्यास ओळखीची वाटेल. एदेन बागेत देवाने आदामाला हाक मारली ती तो कोठे आहे हे माहीत नव्हते म्हणून नव्हे. पण जवाहीर परत करणे त्यामानाने सोपे. पुढे कैद्यांना खेड्यांत नेण्यात आले, तेव्हा जपानी अमलात हाल सोसलेल्या एका म्हातारीच्या घरी पू-यी बसला होता. तिने आपली हकीगत सांगितली. तेव्हा तो उठला आणि आपण मांचुकुओचा बादशहा पू-यी आहोत असे सांगून त्याने तिची क्षमा मागितली. म्हातारी म्हणाली ते थोडक्यात असे की, झाले ते झाले, आता नीट माणसासारखे राहा. ज्याच्यापुढे लोक डोके टेकीत होते, तो एका शेतकरी बाईपुढे आपले नाव सांगून उभा राहिला. जक्कयाने प्रभूपुढे उभे राहून चौपट परत करण्याचे वचन दिले, त्या जातीची ही गोष्ट आहे. यहूदा इस्कर्योतानेही आपले पाप कबूल केले होते व पैसेही परत टाकले होते; पण तो गेला याजकांकडे, ज्यांना त्याची पर्वा नव्हती. ज्याचा घात केला त्या प्रभूकडे तो गेला नाही.

तिसरी खूण ही की, गारा थांबल्यावरही पश्चात्ताप टिकतो. मनश्शे यरुशलेमास परतला, त्याला राज्य पुन्हा मिळाले, आता त्याला अडविणारे कोणी नव्हते. तेव्हा त्याने मूर्ती काढल्या व परमेश्वराची वेदी नीट केली. पू-यीच्या बाबतीत ही कसोटी लावणे कठीण जाते. तो सुटला खरा, पण त्याच राजवटीखाली राहिला, आणि त्याचे आत्मवृत्तही त्याच राजवटीत, सरकारी संपादकाच्या मदतीने तयार झाले. चित्रपटकर्त्यांना ही अडचण जाणवली असावी, म्हणून त्यांनी शेवटी एक प्रसंग घातला आहे. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस आहेत. कोवळ्या वयाचे लाल रक्षक काही लोकांची धिंड काढीत आहेत, आणि त्यांत तो तुरुंगाधिकारीही मान खाली घालून चालला आहे. पू-यी पुढे होतो व हा चांगला शिक्षक आहे, चांगला मनुष्य आहे, असे सांगू लागतो. त्याला ढकलून देतात. आता या अधिकाऱ्याची बाजू घेण्यात लाभ नाही, धोकाच आहे. वाऱ्याची दिशा फिरली तरी हा मनुष्य फिरत नाही, एवढेच त्यांना दाखवावयाचे होते. ही भूमिका करणारे यिंग रुओचेंग यांनी स्वतः सांस्कृतिक क्रांतीत सुमारे तीन वर्षे तुरुंगात काढली होती, हे कळल्यावर तो प्रसंग अधिकच मनाला लागतो.

तर मग पू-यीचा पश्चात्ताप खरा होता काय? निकाल देणे आमचे काम नव्हे. अंतःकरणे पारखणारा एकच आहे. शिवाय ज्या देवाविरुद्ध सर्व पाप अखेर घडते, त्या देवाचे नाव त्या तुरुंगातील शिकवणीत नव्हते. नवा मनुष्य पवित्र आत्म्याने निर्माण होतो, सरकारी अभ्यासक्रमाने नव्हे, हा आमचा विश्वास आहे. तरीपण देवाचे नाव न घेणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याने दाखविलेला धीर पाहून, देवाचे नाव घेणाऱ्या आम्हांला थोडी लाज वाटावी, असेही आम्हांस वाटते.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. ते अनाथ पोर मेलेच. म्हातारीने क्षमा केली ती स्वतःपुरती. त्या पोराच्या वतीने क्षमा करण्यास कोणी उरले नव्हते. मनश्शेच्या बाबतीतही शास्त्र दोन्ही बाजू सांगते. इतिहासाचे पुस्तक त्याचा पश्चात्ताप सांगते. राजांचे दुसरे पुस्तक त्याचा उल्लेखही करीत नाही, ते सांगते यरुशलेमात सांडलेले निर्दोष रक्त, आणि यहूदाच्या नाशाचे कारण म्हणून ते मनश्शेच्याच पापांकडे बोट दाखविते. मनश्शेचा मुलगा आमोन याने बापाने केलेल्या मूर्तींपुढेच यज्ञ केले. बाप वळला, पण मुलगा बापाच्या जुन्या वाटेने गेला. क्षमा मिळाली म्हणून परिणाम पुसले जात नाहीत. म्हणूनच ज्या रक्ताने शुद्धी होते ते पापी माणसाच्या अश्रूंचे नसून वधस्तंभावरील ख्रिस्ताचे आहे. मेलेल्या पोराचा न्याय आणि मारणाऱ्याची क्षमा ही दोन्ही एकाच ठिकाणी सांभाळू शकणारा दुसरा कोणी आम्हांला ठाऊक नाही.

याचा आपल्या मंडळ्यांशी काय संबंध? पुष्कळ आहे. एखाद्या सभासदाकडून अपराध घडला की पंचमंडळ त्याला बोलावते, प्रभुभोजनापासून दूर ठेवते, आणि मंडळीपुढे उभे राहून दोन वाक्ये म्हणावयास लावते. तो म्हणतो, वहीत नोंद होते, प्रकरण मिटते. शिस्त असू नये असे आमचे म्हणणे नाही, कारण दडपणाचाही देव उपयोग करतो. परंतु ज्या विधवेचे पैसे बुडाले तिच्या घरी तो गेला काय, हे कोणी विचारले काय? सहा महिन्यांनी, कोणी पाहत नसताना, तो कसा वागतो याची चौकशी पाळकाने केली काय? आणि ज्याने खरोखर काही केले नाही, त्याच्याकडून केवळ प्रकरण मिटविण्यासाठी कबुली घेतली असेल, तर आपण त्याला पापातून सोडविले नाही, खोट्यात ढकलले.

शब्बाथ शाळेत एक मूल दुसऱ्याला मारते. शिक्षिकाबाई त्याचा कान धरतात आणि ‘सॉरी म्हण’ म्हणतात. मूल जमिनीकडे बघून ‘सॉरी’ म्हणते, आणि धडा पुढे चालू होतो. असे करण्याऐवजी त्या मुलाला थोडा वेळ द्यावा. तू नेमके काय केलेस, असे विचारावे. ज्याला मारले त्याच्याकडे पाहावयास सांगावे, मोडलेली पेन्सिल आपल्या खाऊच्या पैशांतून आणून द्यावयास लावावी, आणि पुढच्या रविवारी दोघांना शेजारी बसवून काय होते ते पाहावे. वेळ लागेल, त्या दिवशी दाविदाची कथा अर्धी राहील. पण दाविदाने नाथानापुढे काय केले ते त्या मुलाला कथेवाचून थोडेसे कळेल.

शाई पिणारा सेवक आणि शाई पाजणारा बालक ही दोन्ही आपल्या घरांतही आहेत. वेळीच प्रेमाने ‘नाही’ म्हणणारे कोणी त्या बालकाला भेटले असते, तर एका अनाथ पोराचा प्राण कदाचित वाचला असता. आपल्या हाती सोपविलेल्या मुलांना हे प्रेमळ ‘नाही’ ऐकावयास मिळो, आणि मोठ्यांना बेड्या पडण्याची वाट न पाहता वळण्याची सुबुद्धी होवो, अशी आमची प्रभूपाशी विनवणी आहे.